बेटावरचा डावा नळ

उजवीकडचा नळ उघडला आणि शामलाचा हात झटकन मागे आला. भाजला असं म्हणण्याइतकं काही नव्हतं, बोटांची टोकं लाल झाली एवढंच. पण तोंडात ब्रश, डोळ्यांवर झोप, आणि एका रात्रीत ऋतू बदललेला. काल याच नळाला बरं पाणी होतं. कुवेतचा उन्हाळा आभाळातून येत नाही, नळातून येतो. छपरावरच्या टाक्या दिवसभर तापत राहतात आणि मग एका सकाळी गार पाण्याच्या नळाला चहाचं आधण येतं. त्या दिवशी घराघरांत गिझरचं बटण बंद होतं आणि पुढचे काही महिने सगळं उलट चालतं. डावीकडचा, गरम पाण्याचा नळ उघडायचा. कारण बंद गिझरच्या पोटात एसीच्या हवेत निवलेलं पाणी असतं, एका माणसाच्या आंघोळीपुरतं. उजवीकडच्याला हात लावायचा नाही. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. नवीन आलेला माणूस एकदा पोळून घेतो आणि मग त्याचा हात शिकतो. शामलाचा हात आशय पहिलीत असतानाच शिकला होता; त्यानंतर डोक्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. दरवर्षी ही एक सकाळ यायची, ती ‘अगंबाई’ म्हणायची, गिझर बंद करायची, संपलं. गेली काही वर्षं मात्र ती बोटं धरून उभी राहायची. आजही राहिली. डावीकडच्या नळाखाली बोटं धरली, पाणी गार लागलं, आणि त्या गार लागण्याचाच तिला राग आला.

“अगं ए, आला!” बाहेरच्या खोलीतून शरद ओरडला. “व्हिसा आला. दोघांचाही. मुलीचापण.”

“कुठल्या मुलीचा?” तिने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“कुठल्या म्हणजे? आपल्याला काय रांग लागलीय नातवंडांची? नोएमीचा. बाहेर ये, मोबाइलवर फोटो बघ तिचा. चांगली उंच झालीय.”

“तोंडात ब्रश आहे माझ्या,” ती म्हणाली. ब्रश केव्हाच बेसिनमध्ये पडला होता.

शरद निवृत्त होत होता. मिरकाबमधल्या बँकेतलं त्याचं टेबल रिकामं होत आलं होतं, जाब्रियातला हा फ्लॅटही सोडायचा होता, पुण्यात जायचं होतं. हे ऐकल्यावर आशयने फोनवर म्हटलं होतं, “बाबा, तुम्ही घर सोडायच्या आधी आय वॉन्ट हर टू सी इट. माझी खोली, बाल्कनी, शाळा, सगळं.” शरदने लगेच कागद गोळा केले होते. शामलाने ‘ये की’ म्हटलं होतं. ये की. दारात आलेल्या शेजारणीला म्हणावं तसं. आता ते खरंच येणार होते, आणि ती मुलगी या बाथरूममध्ये येऊन या दोन नळांपुढे उभी राहणार होती.

आशय राहतो ते गाव म्हणजे तळ्यातलं एक बेट. फ्लोरेस. ग्वाटेमाला देशाच्या उत्तर भागात, जंगलाच्या मुलखात, किनाऱ्याला एका बांधाच्या रस्त्याने जोडलेलं आणि एवढंसं, की सगळ्या बेटाला फेरी मारून यावं तर मागे ठेवलेला चहा अजून गरम असावा. लाल पत्र्यांची छपरं, दगडी चढ, चढाच्या टोकाला पांढरं चर्च, आणि गल्ल्यांतून फिरणाऱ्या लाल रिक्षा, आपल्या बजाजच्याच. काही वर्षांपूर्वी शामला तिथे गेली आणि पहिली रिक्षा दिसली तेव्हा इतक्या लांब येऊन तिला साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या अख्ख्या प्रवासातलं तेवढं एकच तिने शरदला हसत सांगितलं होतं. तळ्याचं पाणी वर चढून बेटाच्या कडेचा रस्ता गिळत चाललं होतं. रस्त्यावरचे दिवे गुडघाभर पाण्यात उभे होते. एका घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या, आणि खालच्या पायरीवर मासे फिरताना दिसायचे. लोकांनी फळ्या टाकून वाट केली होती; मुलं त्यांवरून धावायची. तळ्यातून वर काढल्यासारखा मऊ, ओला वास सगळीकडे. इथल्या कोरड्या हवेत कधीतरी, एसीच्या पाइपातून पाणी ठिबकत असलेल्या भिंतीजवळून जाताना, तोच वास येतो आणि तिचं पाऊल चुकतं.

तिथून तासा-दीड तासावर जंगलात माया लोकांची जुनी नगरी आहे, झाडांच्या वर डोकं काढलेली दगडी देवळं. आशय लोकांना ती दाखवतो. टोरांटोतली नोकरी सोडून, इंजिनियर असून. सुटीत म्हणून गेला तो राहिलाच. एल्विरा नावाच्या बाईच्या लहानशा लॉजमध्ये आधी गिऱ्हाईक म्हणून, मग लॉज सांभाळायला म्हणून, मग. या ‘मग’च्या पुढे शामला कधी गेली नव्हती. एल्विराला आधीच्या नवऱ्याची एक मुलगी होती, तेव्हा चार वर्षांची. नोएमी.

शरदच्या बँकेत तेव्हा ऑडिट होतं. “तूच जा,” तो म्हणाला होता. “माझ्यापेक्षा तुझं ऐकेल.” म्हणजे ती गेली ती बेट बघायला नव्हे. मुलाला परत आणायला गेली. बॅगेत भाजणी होती, मेतकूट होतं, त्याच्या आवडीचे खजुराचे डबे होते, आणि मुंबईतल्या एका कंपनीतल्या ओळखीच्या माणसाचा नंबर होता. तीन दिवस तिने त्या नंबराचा विषय काढायची वेळ शोधली. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलीला आंघोळ घालताना, तिने डावीकडचा नळ उघडला.

इथे ती नेहमी थांबते.

शरदला सांगितलेली गोष्ट अशी होती: त्यांचा गॅसचा गिझर फारच तापतो, कुणी सांगितलंही नाही, मुलीच्या हाताला जरा चटका बसला, मी लगेच गार पाण्याखाली धरला, डॉक्टरकडे नेलं, काही विशेष नाही. शरद म्हणाला होता, “बरं झालं तू होतीस.” त्या चार शब्दांमुळे ती कित्येक महिने झोपू शकली नव्हती. जे घडलं ते तिच्यामुळे, आणि हा म्हणतो बरं झालं तू होतीस. पण तिने ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला आधी सगळं सांगावं लागलं असतं.

व्हिसा आला त्या दिवशी तिच्या क्लिनिकमध्ये पेशंट खूप होते. शामलाची सोनोग्राफीची खोली अंधारी असते. पडद्याचा करडा उजेड आणि पेशंटच्या पोटावरच्या जेलीची चमक, बाकी काही नाही. इतकी वर्षं त्या अंधारात तिचा हात बघतो. डोळे पडद्यावर असतात, पण कुठे दाबायचं, कुठे तिरकं करायचं, मूल कुठे कुशीला वळलंय, ते हात ठरवतो. “खिदी नफस,” ती म्हणते, श्वास घ्या. बाया श्वास घेतात, धरून ठेवतात, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही ही या कामातली पहिली शिस्त. आपल्याला दिसलेलं आपण सांगायचं नाही, डॉक्टर सांगतील. आज एका मुलीने, असेल विशीतली, तिचा हातच धरला. “सिस्टर, ठीक है ना? बोलो ना.” सगळं ठीक होतं. तरी शामला म्हणाली, “डॉक्टर बतायेंगे.” मुलगी उठून गेल्यावर तिला वाटलं, सांगितलं असतं तर काय झालं असतं. दिसत असताना न बोलण्याची एवढी सवय झालीय की घरीदारी, सगळीकडे आपण आपल्याला दिसलेलं डॉक्टरवर सोपवतो. आणि डॉक्टर कुणी नसतोच.

जेवणाच्या सुटीत सुरैयाने डबा उघडला. ती रिसेप्शनवर असते, हैदराबादची, दहा मिनिटांत दहा बातम्या सांगणारी. “दीदी, आज सुबह मेरा नल भी शुरू हो गया. मुँह धोने गई तो समझो भजिया तल गया मेरा.” मग शामलाचा चेहरा बघून, “अरे, आपका तो बेटा आनेवाला है ना? खुश होना छोड़ के ये क्या शकल बनाई?”

सुरैयाला सांगितलेली गोष्ट वेगळी होती. शरदपेक्षा थोडी खरी. बेटावरून आल्यानंतरच्या उन्हाळ्यात, अशाच एका दुपारी ती बोलून गेली होती, की माझ्या हाताने डावीकडचा नळ उघडला, इथल्यासारखा. सुरैया टाळी देऊन म्हणाली होती, “तो आदत थी ना, दीदी! हाथ का क्या क़ुसूर? मैं मायके जाती हूँ तो अम्मी के बाथरूम में भी उल्टा नल खोलती हूँ. गल्फ़वाले सब पागल हैं.” आणि ती सवय, तो शब्द, शामलाने तेव्हापासून ताईत बांधावा तसा बांधून ठेवला होता. सवय होती. हात गेला. कुवेतमध्ये राहणाऱ्या कुठल्याही माणसाचा गेला असता. आशयचासुद्धा गेला असता.

आशयचासुद्धा. इथेच तो ताईत सुटतो. कारण आशय याच घरात वाढला, याच दोन नळांवर. त्या दुपारी तो मुलीचं किंचाळणं ऐकून धावत बाथरूमच्या दारात आला तेव्हा त्याने उघडा नळ बघितला होता, डावा, आणि मग आईकडे बघितलं होतं. त्याला सगळं कळायला हवं होतं. एल्विरा त्याच्या मागे उभी होती. तिला तिच्या भाषेत एक वाक्य सांगितलं असतं, की आमच्या कुवेतमध्ये उन्हाळ्यात गार पाणी गरमच्या नळाला येतं, तर पुरे झालं असतं. तो ते बोलला नाही. शामला वाट बघत उभी होती की हा आता बोलेल. तिला त्यांची भाषा येत नव्हती. तिच्या मुलाच्या तोंडात तिचा बचाव होता आणि त्याने तोंड उघडलं नाही. यावर तिने पुष्कळ राग राखला. फोन येत राहिले, दर शुक्रवारी, हवापाणी आणि गुडघे, पण तो राग तिने खाली ठेवला नाही. रागाचा एक उपयोग असतो, त्याच्या मागे उभं राहता येतं.

पण तो का बोलला नाही हेही तिला माहीत आहे. कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी आहे: पहिल्याच दिवशी, प्रवासातून आल्यावर, तिथल्या बाथरूममध्ये तिने खरंच सवयीने डावा नळ उघडला होता आणि चटका बसून ओरडली होती. आशय बाहेरून हसला होता. किती दिवसांनी तसा हसला होता. “आई! इथे उलटं आहे!” मग थोडं थांबून, “म्हणजे सुलटं!” दोघंही दाराच्या दोन बाजूंना हसत उभी होती. त्यानंतर दोन दिवस ती त्याच बाथरूममध्ये उजव्या नळाने आंघोळ करत होती. हात शिकला होता. इतका पटकन शिकणारा हात तो. मग?

संध्याकाळी शरद तिला जमियात, इथल्या सहकारी बाजारात, घेऊन गेला. ढकलगाडीत त्याने आंबे टाकले, चीज टाकलं, रंगीत साखरेचा कुठलासा नाश्ता टाकला.

“हे कोण खाणार?” ती म्हणाली.

“पोरं हेच खातात. तू तिला काय, मेतकूट-भात घालणारेस?”

“आशयने खाल्ला तेवढाच.”

“आशय तुझ्या धाकात होता. ही नाही.” मग बादल्यांच्या रांगेपाशी तो थबकला. “एक मोठी बादली घे. आदल्या दिवशी भरून ठेवू, निवेल. तिघं-चौघं आंघोळीला म्हणजे गिझरचं पाणी पुरायचं नाही. आणि नळाला चिठ्ठी लाव एक.”

“काय लिहू? स्पॅनिश येतं मला?”

“पोळलेल्या हाताचं चित्र का…” तो म्हणाला. गाडीचं एक चाक कुईकुई करत होतं. निळी बादली उचलून त्याने आंब्यांच्या बाजूला ठेवली. “शामल, ते अजून मनात आहे का तुझ्या?”

“नाही हो.”

“अगं, पोरगीसुद्धा विसरली असेल.”

पोरगी विसरली असेल हे जास्त वाईट, असं तिला वाटलं. चूक आपल्याकडे एकट्याकडे राहते. निळ्या बादलीची किंमत बघण्याच्या निमित्ताने ती खाली वाकली आणि तशीच क्षणभर वाकलेली राहिली, कारण बादलीच्या तळाशी कुणीतरी सांडलेल्या पाण्याचा थेंब होता आणि तिला पाण्यातल्या त्या पायऱ्या दिसल्या. त्या दुपारनंतर ती त्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती. अंधार पडेपर्यंत. कुणी बोलवायला आलं नव्हतं. तळ्यापलीकडे दिवे लागले, पाण्यात उभे असलेले रस्त्याचे दिवेही लागले, आणि प्रत्येक दिव्याखाली दुसरा एक दिवा उलटा लागला.

त्या दिवशी सकाळी आशयने तिला जुनी नगरी दाखवली होती. नोएमीही बरोबर होती, चिखलाचे बूट, केसांत पाला. झाडांत कुठेतरी माकडं अशी गुरगुरत होती की वाघ असावा. लाकडी जिन्याने ते एका देवळाच्या माथ्यावर गेले. खाली सगळं जंगल, धुकं, आणि मधून मधून दगडाची टोकं. “इथलं शेवटचं माया राज्य आपल्या बेटावर टिकून होतं, आई,” आशय म्हणाला. “सगळीकडचं संपलं तरी कितीतरी काळ तेवढंच राहिलं. पाण्यामुळे.” आपल्या बेटावर. तो शब्द तिच्या कानांत अडकला. मग तो म्हणाला की मी एल्विराशी लग्न करतोय, आणि नोएमीला माझं नाव लावतोय, आणि मी परत येणार नाही. मुंबईचा नंबर तिच्या पर्समध्येच राहिला. ती म्हणाली, “बरं.” दिसत असताना न बोलण्याची शिस्त. जिना उतरताना नोएमीने आपला चिकट, पानांचा वास येणारा हात तिच्या हातात घातला. शामलाने तो सोडवला. कठडा धरायला. खरंच कठडा धरायला. जिना उभा होता. मुलीने परत हात पुढे केला नाही, पण तक्रारही केली नाही, पुढे होऊन एकेक पायरी उड्या मारत उतरत गेली.

घरी आल्यावर एल्विरा तव्यावर मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तो थापण्याचा आवाज घरच्यासारखा होता आणि त्यामुळे आणखी नकोसा. शामला म्हणाली, “मी घालते हिला आंघोळ.” सगळ्यांना बरं वाटावं म्हणून. आपण रागावलो नाही हे दिसावं म्हणून. एल्विराचा चेहरा केवढा उजळला होता. मुलगी हात पुढे करून उभी राहिली, चिखलाने भरलेले दोन्ही हात, कोपरापर्यंत. बाजूच्या खोलीतला कुणी प्रवासी नुकताच आंघोळ करून गेला होता, भिंतीवरचा आरसा अजून वाफेने पांढरा होता. आणि शामलाचा हात डावीकडे गेला.

तो का गेला याच्यावर तिने इतक्या वर्षांत काय काय रचून पाहिलं. थकवा. सवय. डोक्यात मुंबई. आणि रात्री-अपरात्री, सगळ्यांच्या मागून येणारं ते एक: की मुद्दाम? नाही. पोटातून नाही. पण हात? हाताला काय माहीत होतं? मुलगी किंचाळली तेव्हा तोच हात विजेसारखा उजव्या नळाकडे गेला, मुलीचा हात त्याने गार धारेखाली घट्ट धरला, एकदाही चुकला नाही. आणि आशय दारात आला तेव्हा तिच्या तोंडून निघालं, “मला काय माहीत तुमचं पाणी एवढं तापतं!” पहिल्या दिवसाच्या त्या हसण्यानंतर. त्याच्याचसमोर.

शुक्रवारी दुपारी धुळीत विमानतळ पिवळा पडला होता. आशयला दाढी आली होती, शरदसारखं थोडं पोट आलं होतं. नोएमी त्याच्या खांद्याला लागत होती. लांब वेणी, पुढचे दोन दात मोठे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. तिने वाकून शामलाच्या गुडघ्यांवर टपली मारल्यासारखं केलं.

“पाय, पाय!” आशय हसला. “गुडघे नाही. विमानात प्रॅक्टिस केली हिने.”

“आहीऽ,” नोएमी म्हणाली, आणि मग जीभ सावरून, “आजी.”

उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, तुळशीच्या पानाएवढा फिका डाग होता. शामलाने आधी तो पाहिला आणि मग मुलीचा चेहरा पाहिला. क्रम उलटा झाला हे तिला कळलं.

“आजोबांना काय म्हणणार?” शरदने विचारलं.

नोएमीने विचार केला. “चल.”

“हा शब्द बापाने बरोब्बर शिकवलाय,” शरद म्हणाला. “चला मग.”

घरी आल्यावर आशय सगळ्या खोल्यांतून एकदा फिरला, भिंतींना हात लावत. बाल्कनीतून मुलीला त्याची शाळेची बस कुठे थांबायची ते दाखवलं. मग हातपाय धुवायला तिला बाथरूममध्ये आणलं. शामला टॉवेल घेऊन दारात उभी. निळी बादली कोपऱ्यात भरलेली. तो मुलीला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होता, एकदा या नळाकडे, एकदा त्या नळाकडे बोट करून, वर छताकडे, सूर्याकडे. मुलीचे डोळे मोठे झाले, ती हसली, आणि मग हसू थांबवून तिने शामलाकडे पाहिलं. काहीतरी जुळल्यासारखं. आशयही वळला.

“हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, आई. एल्विराला, सगळ्यांना. मला माहीत होतं की हे इथलं आहे.” तो बोलता बोलता खाली वाकला. “आय वॉज अँग्री. म्हणून नाही बोललो. तुझी नुसती सवय होती. आय नो दॅट.”

तो ते टॉवेलसारखं तिच्यापुढे धरून होता. घ्यायचं, पुसायचं, झालं. पहिल्या दिवसाचं हसणं त्याला आठवत होतं की नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. चेहऱ्यावर दिसू न देणं तो कुणाकडून शिकला ते तिला माहीत होतं. पण ती चेहरा बघतच नव्हती. ती त्याचा हात बघत होती. बोलता बोलता त्याने डावा नळ उघडला होता आणि धारेखाली स्वतःचं मनगट धरलं होतं. आतल्या बाजूने, वर करून. जरा थांबला, बोटं फिरवली, आणि मग दुसऱ्या हाताने मुलीचे हात पाण्याखाली ओढले. त्याचं त्याकडे लक्षही नव्हतं. त्याचं तोंड माफी मागत होतं आणि हात आपलं काम करत होता. ही मनगटाची सवय त्याला कुणी शिकवली? तो एवढासा असताना, याच बाथरूममध्ये, त्याच्याही आधी साताऱ्याच्या न्हाणीत, पाण्याचा एक तांब्यासुद्धा तिच्या मनगटावरून गेल्याशिवाय त्याच्या अंगावर गेला नव्हता. कुठलाही नळ असो, कुठलाही ऋतू. आधी आपला हात, मग लेकराचं अंग. इतकी वर्षं ती डावा की उजवा हेच उलटंपालटं करत बसली होती. नळ कुठलाही असता. त्या दुपारी तिचा हात आधी पाण्याखाली गेला नाही. ज्याच्यासाठी जायचा त्याच्यासाठी न सांगता जायचा. हिच्यासाठी गेला नाही.

“सवय नव्हती रे,” ती म्हणाली. “पाणी हाताला लावून बघितलं नाही मी. तुझ्या वेळी बघायचे. हिच्या वेळी नाही बघितलं.”

“इट्स ओके, आई. खूप जुनं झालं ते.” त्याने नळ बंद केला. त्याला कळलं की नाही, तिला कळलं नाही. बहुधा तिनेच इतक्या हळू म्हटलं होतं, की पाण्याच्या आवाजात अर्धं वाहून गेलं. दुसऱ्यांदा म्हणायला तिचं तोंड उघडलं, पण तो टॉवेल घेऊन पुढे गेला होता.

आशयची आंघोळ लांबली. शरद बाहेरून म्हणाला, “अरे, सगळ्या कुवेतचं पाणी संपवणार का?” तो ओले केस घेऊन बाहेर आला तेव्हा फोन वाजला, एल्विराचा, आणि तो बोलत बोलत बाल्कनीत गेला, काचेपलीकडून त्याचं हसणं दिसत होतं. नोएमी वेणी सोडून बाथरूमच्या दारात उभी होती. तिच्या केसांत विमानतळावरची धूळ भरली होती. तिने शामलाकडे पाहिलं, केसांकडे बोट केलं, आत जाऊन बेसिनखालचं छोटं स्टूल नळांपुढे ओढून त्यावर बसली, आणि मान पुढे वाकवून सगळे केस चेहऱ्यावरून खाली सोडले.

“आजी,” ती केसांच्या आतून म्हणाली, “पाणी.”

तिला असे दोन-चारच शब्द येत होते. शामला तिच्या मागे उभी राहिली. समोर दोन नळ. हातात मग. तिचा हात डावीकडे गेला, नेहमीसारखा, आणि पाणी सुरू झालं; सुरुवातीला गार, चांगलं गार. दुसऱ्या हाताचं मनगट तिने धारेखाली धरलं आणि तसंच धरून ठेवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. खाली मुलीच्या मानेचे मणके एकेक दिसत होते, आणि मांडीवर उलटा ठेवलेला हात, त्यावरचं ते तुळशीचं पान. मग पाणी बदललं. आधी कोमट, मग एकदम. आशयने गिझर रिकामा केला होता, त्यात छपरावरचं आधण येऊन भरलं होतं. आता डावाही नाही आणि उजवाही नाही. मनगटाला चरका बसला. हात मागे आला नाही. तिने तो तिथेच ठेवला, मुलीच्या मानेच्या आणि धारेच्या मध्ये, आणि दुसऱ्या हाताने सावकाश नळ बंद केला. नंतर हातातला मग निळ्या बादलीत बुडवला. काल रात्रीचं निवलेलं पाणी. ते तिने पहिल्यांदा आपल्याच मनगटावर ओतलं.

“आजी?”

“थांब,” ती म्हणाली. “आधी मला बघू दे.”

शब्द नोएमीला कळले नसतील. ती डोळे मिटून, मान वाकवून, थांबली.